धुळीच्या नावावर खपवलेलं नाक

हिंजवडीजवळच्या माणमध्ये कुणाचं नाक चोंदलं तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही. आयटी पार्कच्या फेज तीनची बांधकामं, उखडलेले रस्ते, सिमेंट सांडत जाणाऱ्या मिक्सर गाड्या. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की पुरावा बोटाला लागतो. म्हणून कंपनीच्या दवाखान्यात, मेडिकलच्या काउंटरवर आणि घरीही एकच निदान मिळतं: धुळीची अॅलर्जी, सेट्रिझिन घ्या. या निदानावर माझा राग आहे, आणि तो फुकट आलेला नाही. त्यामागची हकिकत इथे उगाळत नाही. साधा टॉर्चसुद्धा न उचलता सांगितलेलं कारण किती पोकळ असतं, तेवढंच दाखवायचं आहे.

अॅलर्जीने शिंका येतात, नाक खाजतं, डोळ्यांना पाणी येतं. नाकातल्या पॉलिपचा नूर वेगळा. नाकाच्या आणि सायनसच्या अस्तराला महिनोन् महिने सूज राहिली की ते अस्तर पाणी धरून लोंबू लागतं. सोललेल्या द्राक्षासारखे फिकट, ओलसर, मऊ घोस, बहुधा दोन्ही नाकपुड्यांत. ते दुखत नाहीत, हीच पंचाईत. दुखत नाही ते आपल्याकडे आजारात धरतच नाहीत! नाक बंद, घशात उतरणारा शेंबूड, गालाकपाळावर जडपणा, रात्री तोंड उघडं टाकून घोरणं, आणि सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे गेलेला वास. वास ओळखणारं अस्तर नाकाच्या छतापाशी असतं. वाट अडली की तिथवर हवाच पोचत नाही. फोडणी करपल्याचं दुसऱ्याने सांगावं लागतं. गॅस गळू लागला तर सांगायला दुसरं कुणी घरात असेलच असं नाही. हे सगळं बारा आठवडे टिकलं की त्याला सर्दी म्हणणं सोडा.

मग धूळ निर्दोष का? तसं मी म्हणत नाही. सुजलेल्या नाकाला ती आणखी चिडवते. पण एकाच रस्त्यावरून हजारो माणसं फेज तीनला जातात, आणि पॉलिप मोजक्यांनाच होतात. म्हणजे मूळ शरीराच्या दाहात आहे, म्हणूनच पॉलिपच्या जोडीला बऱ्याचदा दमा असतो. काहींना पॉलिप, दमा आणि अॅस्पिरिन न सोसणं हे तिन्ही एकत्र असतं. सॅम्टर आणि बीअर्स यांनी 1968 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. अशा माणसाने डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतली तर दम्याचा जोरदार झटका येऊ शकतो. धुळीवर बोट ठेवून मोकळं होणाऱ्याला ‘अॅस्पिरिन सोसते का?’ हा प्रश्न विचारायचं सुचणारच नाही.

दुसरं लाडकं निदान म्हणजे ‘नाकाचं हाड वाढलंय’. पडदा वाकडा असणं वेगळं, आतला गुलाबी मांसल भाग फुगणं वेगळं आणि पॉलिप वेगळा. गुलाबी भागाला सळई लावली तर झोंबतं. पॉलिप करडा असतो, त्याला लावलेलं कळतही नाही. हा फरक आरशात दिसत नाही. दुर्बीण घालून पाहावं लागतं, आणि गरज पडली तर सीटी स्कॅन. पॉलिप म्हणजे आधुनिक डॉक्टरांनी काढलेलं नवं खूळ, असं म्हणणाऱ्यांनी सुश्रुतसंहिता उघडावी. मूळव्याधीच्या जातीचा ‘नासार्श’ तिथे आहे.

उपचारातही लोक उलटेच चालतात. नाक मोकळं करणारे थेंब आठवडाभराच्या वर घातले तर नाक त्यांनीच आणखी बंद होतं. बामने फक्त गार वाटतं, वाट उघडत नाही. आणि जे खरोखर लागू पडतं त्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याला मात्र घाबरतात. फवाऱ्याचा डोस अगदी थोडा, रक्तात त्याहून थोडा जातो. पण तो नीट मारायला हवा: मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, नळीचं तोंड पडद्याकडे नव्हे तर बाहेरच्या बाजूला, आणि नंतर जोराने ओढायचं नाही. गुण यायला काही आठवडे लागतात. फवारा मारण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा, पाणी उकळून निवलेलंच घ्या.

‘ऑपरेशन केलं तरी पुन्हा वाढतं, मग कशाला?’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते, दाहाची खोड जात नाही. पण त्याच मोकळ्या वाटेने फवारा आत पोचतो. जखम सुकली म्हणून फवारा सोडणारे पुन्हा रांगेत येतात. विनाऑपरेशन मांस काढून देणाऱ्या पाट्यांकडे मात्र जाऊ नका.

आणि एकाच नाकपुडीत गाठ असेल, त्यातून रक्त येत असेल, किंवा लहान मुलाच्या नाकात पॉलिप दिसला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. ती धूळ नाही.