तसबिरीच्या चौकटीचे माप आणि ऑनलाइन विक्री

विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रे, सन्मानपत्रे आणि थोरांच्या तसबिरी यांसाठी लागणाऱ्या लाकडी चौकटी आता तालुक्याच्या गावी बसून ऑनलाइन विकता येतात. दुकानात गिऱ्हाईक चित्र सोबत आणते व चौकटीला लावून पाहते. ऑनलाइन व्यवहारात ही सोय नसल्याने विक्रेत्याने लिहिलेले माप हाच ग्राहकाचा आधार होय. ते चुकल्यास माल परत येतो, आणि वाटेत काच फुटली तर तोटा दुप्पट होतो. लहान कारागिराच्या किंवा बचत गटाच्या नफ्यात एवढे सोसण्यास जागा नसते.

घोटाळ्याचे मूळ असे की, एकाच चौकटीला तीन मापे असतात. बाहेरच्या कडांमधील अंतर हे बाह्य माप. मागील बाजूस काच, चित्र व पुठ्ठा ज्या खाचेत बसतात, तिचे ते खाचेचे माप. समोरून चित्राचा जो भाग उघडा दिसतो, ते दर्शनी माप. समजा, पट्टी २० मिलिमीटर रुंद असून तिची आतील कड ६ मिलिमीटर चित्रावर येते. खाच २१२ × २९९ मिलिमीटर असेल, तर बाह्य माप २४० × ३२७ आणि दर्शनी माप २०० × २८७ भरते. यांपैकी ग्राहकाला प्रथम हवे असते ते खाचेचे माप. कारण त्याचे चित्र तेथेच बसणार असते. भिंतीवरील जागेसाठी व पार्सलच्या खोक्यासाठी बाह्य मापही द्यावे.

ए-४ कागदाला ‘आठ बाय बारा’ म्हणण्याची सवय सर्वत्र आढळते. ती महागात पडते. ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरांचा असतो, तर ८ × १२ इंच म्हणजे सुमारे २०३ × ३०५ मिलिमीटर. अशा चौकटीत प्रमाणपत्र रुंदीला ७ मिलिमीटर अडते, आणि मग मुख्याध्यापक कात्री हाती घेतात! एक इंच म्हणजे २.५ नव्हे, २.५४ सेंटिमीटर, बारा इंचांत हा फरक जवळजवळ ५ मिलिमीटरांचा होतो. वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ च्या कलम ११ अन्वये देशांतर्गत व्यवहारात जाहिरातीतील व बिलातील मापे प्रमाणित, म्हणजे मेट्रिक एककांतच देणे बंधनकारक आहे.

माप पोलादी पट्टीने, मागील बाजूने, खाचेच्या आतून घ्यावे. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते; ती वापरू नये. पट्टीचे टोक झिजले असल्यास १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजून तेवढे वजा करावे. लांबी दोन्ही टोकांना, रुंदीही दोन्ही टोकांना मोजावी आणि लहान आकडा ग्राह्य धरावा. काच बसते ती अरुंद जागेच्या हिशेबानेच. त्यानंतर दोन्ही कर्ण ताडून पाहावेत. वरील चौकटीत कर्णांमध्ये ६ मिलिमीटरांचा फरक पडला, तर बाजू बरोबर असूनही २१० × २९७ ची काच अडकते. गुण्या लावून कोपरे जोडणाऱ्या कारागिराला ही अडचण सहसा येत नाही.

खाचेची खोली मात्र बहुतेक जाहिरातींत दिलेलीच नसते. कागदी प्रमाणपत्रास ती थोडी पुरते. कापडावरील वा लाकडी फळीवरील चित्रास नाही. ती मिलिमीटरांत लिहावी, आणि चौकटीच्या मागील बाजूचे, खाचेत पट्टी ठेवून काढलेले एक छायाचित्र सोबत जोडावे.