सामर्थ्य आणि सुटका

मृग नक्षत्र कोरडे गेले की पारोळा परिसरातील कोरडवाहू शेतकऱ्याची दृष्टी आभाळावर खिळते. कपाशीचे बी मातीत पडलेले असते. ढग येतात आणि न बरसता पुढे निघून जातात. अशा वेळी ‘आपल्या इच्छेसरशी पाऊस पडता तर!’ असे ज्याच्या मनात आले नाही, असा मनुष्य विरळा. १९७२ च्या दुष्काळाची आठवण ज्या घरांत आहे, तेथे ही इच्छा केवळ कल्पनाविलास नव्हे.

ह्याच जळगाव जिल्ह्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेव हे गाव आहे. योगी चांगदेवांनी योगबळाने चौदाशे वर्षे मृत्यू चुकविला, वाघासही वाहन केले, असे लोककथा सांगते. परंतु ज्ञानदेवांस पत्र लिहू जाता मायना कोणता घालावा हे सुचेना, आणि कागद कोराच राहिला. (हे चांगदेव निराळे व द्वारावतीचे श्रीचांगदेव राऊळ निराळे, हे वाचकांस विदित आहेच.) काळाला व श्वापदाला वश करणारासही ज्ञानासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागले, हे त्या कथेचे मर्म होय.

ब्रह्मविद्याशास्त्राने ह्याचे कारण स्पष्ट केले आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ. त्यांत जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध आणि परमेश्वर नित्यमुक्त. देवतांच्या ठायी सामर्थ्य थोर आहे. तरी त्या नित्यबद्धच. सामर्थ्याने मोक्ष लाभता, तर प्रथम देवता सुटल्या असत्या. दुबळा जीव मात्र मोक्षाचा अधिकारी आहे. तेव्हा सिद्धी मागणारा जीव सुटकेची वाट सोडून अधिक बळकट बंधन मागत असतो.

येथे कामाख्येची लीळा स्मरावी. द्वारावतीस तिने श्रीचांगदेव राऊळांपाशी रतीचा हट्ट धरला. अनंत शक्ती ज्यांच्या ठायी, त्यांस तिचे मन फिरविणे अवघड नव्हते. तथापि तिच्या इच्छेवर त्यांनी बळ चालविले नाही. आपलेच पुर त्यजिले आणि भडोच येथे हरपाळदेवांचे निष्प्राण पुर स्वीकारले. समर्थाने जे केले नाही, ते करण्याची हाव असमर्थ जीवाने का धरावी? मुलगा आपल्या म्हणण्यात राहावा, भावाने वाटणी सोडावी, शेजाऱ्याचे मन वळावे, ह्या इच्छांच्या मुळाशी परक्या मनावर सत्ता गाजविण्याचीच तहान असते.

मग जीवाचा संकल्प व्यर्थ काय? तसे नाही. तो आभाळावर चालत नाही, परंतु आपल्या हातांवर, वाणीवर व आचारावर चालतो. आजारी लेकरासाठी जीव तुटणे हा दोष नव्हे. त्यास वैद्याकडे न्यावे, रात्र जागून शुश्रूषा करावी. त्या तळमळीपायी गंडेदोरे बांधणाऱ्याचे दार धरणे किंवा अन्य देवतेस नवस बोलणे, येथे मात्र अनन्यता भंगते.

पाऊस पडेल किंवा न पडेल. बी जळाले तर दुबार पेरणी करावी, उसनवारीचा शब्द पाळावा, नामस्मरण सोडू नये. एवढे जीवाच्या हाती आहे, आणि मोक्षमार्गास एवढेच लागते.