युद्धमंत्री रोन आणि नामंजूर अंदाजपत्रक
(बी. कॉम., भाग २)

जर्मनीच्या एकीकरणाचा इतिहास आपण सर्वांनीच शाळेत वाचला आहे. त्यात मुत्सद्दी बिस्मार्क आणि सेनानी मोल्टके यांची नावे ठळकपणे येतात. तिसरे नाव मात्र बहुधा एका ओळीत उरकले जाते. ते म्हणजे प्रशियाचा युद्धमंत्री आल्ब्रेख्त फॉन रोन याचे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मला या तिघांत रोनच अधिक विचार करायला लावतो, कारण त्याची सर्वात मोठी लढाई रणांगणावर नव्हे, तर अंदाजपत्रकावर झाली.

रोनचा जन्म ३० एप्रिल १८०३ रोजी पोमेरेनिया प्रांतात कोलबेर्गजवळ झाला. लष्करी अधिकारी असलेले वडील तो लहान असतानाच हलाखीत वारले आणि आजीने त्याला वाढवले. १८१६ साली तो कॅडेट शाळेत दाखल झाला व १८२१ साली अधिकारी झाला. पुढे बर्लिनच्या कॅडेट शाळेत त्याने शिक्षकाचे काम केले. प्रसिद्ध भूगोलतज्ज्ञ कार्ल रिटर याच्या प्रभावाखाली त्याने लिहिलेली भूगोलाची पाठ्यपुस्तके चांगलीच खपली. म्हणजे तलवारीच्या आधी त्याचे नाव झाले ते खडू आणि लेखणीमुळे!

प्रशियाच्या सैन्यातील उणिवा त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. १८३२ साली क्रेफेल्ड येथे जमवलेल्या दलात, १८४९ च्या बाडेनमधील मोहिमेत आणि १८५० साली ऑस्ट्रियाविरुद्ध केलेल्या जमवाजमवीत त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. कागदावरचे सैन्य आणि प्रत्यक्षातले सैन्य यांत मोठे अंतर होते. १८५८ साली त्याने सुधारणेचे टिपण तयार करून राजपुत्र विल्यम याला सादर केले. डिसेंबर १८५९ मध्ये तो युद्धमंत्री झाला.

रोनचा हिशेब सरळ होता. १८१५ नंतर प्रशियाची लोकसंख्या सुमारे एक कोटीवरून १ कोटी ८० लाखांपर्यंत वाढली. परंतु दरवर्षी भरती होणाऱ्यांची संख्या ४०,००० च राहिली. लष्करी सेवा कायद्याने सर्वांना सक्तीची असूनही अनेक तरुण तिच्यातून सुटत. उलट युद्धप्रसंगी संसारी, वयस्क नागरिकांना ‘लांडवेर’ या नागरी सेनेतून बोलावणे येई. करांच्या बाबतीत आपण समानतेचे तत्त्व शिकतो. सैनिकी सेवेच्या भारात त्या तत्त्वाचा भंग होत होता. दरवर्षी ६३,००० तरुण भरती करावेत, तीन वर्षांची सेवा कसोशीने घ्यावी, नव्या पलटणी उभाराव्यात आणि लांडवेरला पिछाडीस ठेवावे, अशी रोनची योजना होती.

योजनेला पैसा हवा होता, आणि तेथेच प्रतिनिधीगृहाशी संघर्ष पेटला. सैन्य बळकट व्हावे हे उदारमतवादी सभासदांनाही मान्य होते. पण त्यांना सेवा दोन वर्षांचीच हवी होती आणि मध्यमवर्गाला जवळची असलेली लांडवेर दुय्यम ठरावी हे पसंत नव्हते. १८६० साली त्यांनी सुमारे ९० लाख थालर तात्पुरते म्हणून मंजूर केले. सरकारने त्या तात्पुरत्या पैशातून कायमच्या पलटणी उभारल्या. मार्च १८६२ मध्ये सभागृहाने खर्च बाबवार दाखवा अशी मागणी केली, म्हणजे एका सदराची रक्कम दुसरीकडे वळवता येऊ नये. राजाने सभागृहच विसर्जित केले. नव्या निवडणुकीत विरोधक अधिकच वाढले. २३ सप्टेंबर १८६२ रोजी ३०८ विरुद्ध ११ मतांनी सुधारणेचा खर्च फेटाळला गेला.

त्याआधी रोन स्वतः दोन वर्षांच्या सेवेवर तडजोड करण्यास अनुकूल झाला होता. राजाने नकार देताच त्याने माघार घेतली. विल्यम राज्यत्यागाची भाषा करू लागला, तेव्हा रोनने १८ सप्टेंबरला बिस्मार्कला तार केली : विलंबात धोका आहे, त्वरा करा. बिस्मार्क आला आणि मुख्य मंत्री झाला.

अंदाजपत्रकाला आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र ‘आयव्यय’ म्हणतात. आय म्हणजे जमा, व्यय म्हणजे खर्च. प्रशियाच्या पेचाची गुरुकिल्ली याच शब्दात आहे. १८५० च्या संविधानातील कलम ९९ प्रमाणे जमाखर्च दरवर्षी कायद्याने ठरवणे आवश्यक होते. पण कलम १०९ प्रमाणे चालू कर वसूल होतच राहणार होते. म्हणजे सभागृह व्यय नाकारू शकत होते, आय थांबवू शकत नव्हते. राजा आणि सभागृह यांचे एकमत झाले नाही तर काय करावे हे संविधानात लिहिलेले नाही, म्हणून सरकारने कारभार चालवावा, असा युक्तिवाद बिस्मार्कने केला. १८६६ पर्यंत मंजुरीविना खर्च होत राहिला. १८६५ साली तर कोलोन-मिंडेन रेल्वे कंपनीवरील सरकारचे हक्क कंपनीलाच विकून रक्कम उभी केली गेली.

३ जुलै १८६६ रोजी सादोवाच्या लढाईत ऑस्ट्रियाचा पराभव झाला. रोनचे सैन्य कसोटीला उतरले होते. सरकारने मागील खर्चाला मान्यता मागितली, आणि सप्टेंबरमध्ये सभागृहाने ती २३० विरुद्ध ७५ मतांनी दिली.

आम्ही वाणिज्य कायद्यात १८७२ चा भारतीय करार कायदा शिकतो. प्रतिनिधीने अधिकाराबाहेर केलेले काम धनी मागाहून मान्य करू शकतो किंवा नाकारू शकतो, असे त्यातील कलम १९६ सांगते. प्रशियात नाकारण्याचा पर्याय खरोखर उरला होता काय? पैसा खर्च झाला होता, युद्ध जिंकले होते, विजयाचा जल्लोष चालू होता. वाचक म्हणतील, धंदा फायद्यात आला, मग तक्रार कसली? पण व्यवस्थापकाने भागधारकांना न विचारता पैसा गुंतवला आणि नफा झाला, तरी विचारण्याचे कर्तव्य संपत नाही. नफ्याने खतावणी भरते. अधिकार मिळत नाही. प्रशियात दिलेला धडा पुढेही गिरवला गेला. १८७४ साली जर्मन संसदेने सैन्याची संख्या एकदम सात वर्षांसाठी ठरवून दिली आणि वार्षिक तपासणीचा हक्क तेवढा सैल केला.

रोनला मान मिळाले. १८७१ साली तो काउंट झाला. १८७३ साली फील्डमार्शल आणि काही महिने प्रशियाचा मुख्य मंत्रीही झाला. त्याने किंमतही मोजली. त्याचा मुलगा बर्नहार्ड १८७० साली सेदान येथे कामी आला. २३ फेब्रुवारी १८७९ रोजी रोन बर्लिनमध्ये मरण पावला. तो प्रामाणिक होता, कष्टाळू होता, आणि सैन्याविषयीचे त्याचे निदान बरोबर होते. म्हणूनच त्याचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. चुकीच्या माणसाला अडवायला नियम लागतोच. पण नियमाची खरी परीक्षा बरोबर माणूस घाईत असतो तेव्हा होते.

आपल्या संविधानात कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही (कलम २६५) आणि संसदेच्या मंजुरीशिवाय संचित निधीतून पैसा नाही (कलम ११४). मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला तर कलम ११५ प्रमाणे तो पुन्हा लोकसभेपुढे ठेवावा लागतो. लोकवित्ताच्या पुस्तकात ही कलमे रुक्ष वाटतात. रोनचे चरित्र वाचल्यावर मला ती तशी वाटत नाहीत.