अकरा दिवसांचा टर्बो

चावी बंद केली तरी इंजिन थांबेना.

गोंदिया जिल्ह्यात देवरीहून सडक अर्जुनीकडे येताना शशीकरणच्या पहाडीचा चढ लागतो, तिथली ही गोष्ट. पिकअपमध्ये मागे चाळीस किलोची ३५ पोती धान होतं. गाडी ओढेना म्हणून खालचा गिअर टाकायला क्लच दाबला, तर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन आपोआप रेस होत गेलं. धूर इतका की आरशात मागचा रस्ता दिसेना. चावी फिरवली, आवाज चढतच राहिला. शेजारी बसलेला हमाल पोरगा "भाऊ, आग लागली!" म्हणत दार उघडायला लागला. त्याला ओढून बसवलं, गाडी कडेला घेतली, पाचवा गिअर टाकला, ब्रेक पूर्ण दाबून धरला आणि क्लचवरचा पाय एकदम सोडला. गाडीला जबर हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं. ही युक्ती एका जुन्या ट्रकवाल्याने बोलता बोलता सांगितली होती. ती आठवली नसती तर इंजिन तिथेच फुटलं असतं.

पिकअप चालवणाऱ्या प्रत्येकाने हे आधी समजून घ्यावं. चावी बंद केली की डिझेल तुटतं. पण टर्बोचं सील गेलं असेल तर इंजिनचं ऑईल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरतं आणि इंजिन त्याच ऑईलवर धावायला लागतं. अशा वेळी चालत्या गाडीत चावी काढून घेऊ नका, स्टिअरिंग लॉक होईल. वरचा गिअर, ब्रेक, मग क्लच सोडायचा. हवेच्या पाईपच्या तोंडावर हात किंवा फडकं तर मुळीच धरू नका, आत ओढलं जातं.

तो टर्बो बसवून फक्त अकरा दिवस झाले होते.

पहिला टर्बो २०२२च्या दिवाळीआधी गेला. महिनाभर आधीपासून तो सांगत होता. शिट्टीचा बारीक आवाज सायरनसारखा झाला. सकाळी गाडी सुरू केली की निळा धूर. ऑईलची पट्टी दर आठवड्याला खाली. धानाचा हंगाम तोंडावर, सगळ्यांनाच घाई. मी ज्या गॅरेजला गेलो तिथे दहा मिनिटांत निदान झालं, "टर्बो बाद झाला." मी विचारलं, किती लागतील. का बाद झाला, हे विचारलं नाही. माझी खरी चूक ही, आणि पुढचं सगळं नुकसान तिच्यातून झालं.

कंपनीच्या टर्बोच्या निम्म्या किमतीत लोकल टर्बो मिळत होता, तो घेतला. संध्याकाळी गाडी हातात आली. ऑईलचा पाईप जुनाच, पॅकिंगच्या जागी सिलिकॉन, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर उघडलासुद्धा नाही. हे मला नंतर कळलं.

शशीकरणवरून गाडी ओढून आणल्यावर गोंदियात एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी टर्बो काढला, दांडा कपड्याने पुसला आणि माझ्यासमोर धरला. पोलाद निळं-काळं पडलं होतं. "भाऊ, याले तेलच नाही भेटलं," ते म्हणाले. मग इंजिनमधून टर्बोकडे जाणारा बारीक ऑईल पाईप काढून त्यात तार घालून दाखवली. अर्ध्यावर अडकली. आत जळलेल्या ऑईलचा कोळसा साचला होता. पाईप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या भोकात सिलिकॉनचा एक तुकडाही होता, तांदळाच्या कणीएवढा.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. एका टोकाच्या चाकाला सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर फिरवतो, दुसऱ्या टोकाचं चाक हवा दाबून इंजिनात पाठवतं. एवढ्या वेगात धातूवर धातू घासला तर काही सेकंदांत खेळ संपतो, म्हणून तो दांडा ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ते ऑईल एका बोटापेक्षा बारीक नळीतून येतं. ती नळी चोंदली की टर्बो कितीही चांगला असो, टिकत नाही.

नळी चोंदली कशाने? याचं उत्तर आमच्याच जिल्ह्याच्या कामात आहे. गोंदियाला राईस मिलचा जिल्हा म्हणतात. हंगाम नसला की मी मिलमधून भुसा भरून वीटभट्ट्यांवर नेतो. भुशाची धूळ एअर फिल्टर काही खेपांतच गच्च करते, आणि मी मात्र फिल्टर सर्व्हिसिंगलाच बघायचो. हवा कमी पडली की धूर काळा होतो, काजळी ऑईलमध्ये उतरते, ऑईल लवकर जाड होतं. त्यात ऑईल बदलायला मी उशीर करायचो. वर चढ चढून आलो की ढाब्यावर थांबल्या थांबल्या चावी बंद. तापून लाल झालेल्या टर्बोतलं ऑईल जागेवरच जळतं आणि नळीत कोळसा होऊन बसतं. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडचा पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा तर फारच.

म्हणून माझं पहिलं सांगणं: टर्बो बदलण्याआधी टर्बोच गेला आहे का, ते पाहा. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या एका भाजीवाल्या मित्राला मी असंच सांगितलं होतं. त्याची गाडी दम धरत नव्हती, काळा धूर मारत होती. इंटरकूलरचा होस पाईप क्लिपजवळ चिरलेला निघाला, काम तेवढ्यावर भागलं. काळा धूर बहुतेक वेळा हवा कमी पडल्याचा, निळा धूर ऑईल जळल्याचा. हवेचा पाईप काढून टर्बोच्या चाकाचं टोक पकडून हलवा. आडवं किंचित हलणं चालतं, कारण ऑईलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पुढे-मागे सरकत असेल किंवा पाती घराला घासल्या असतील, तर टर्बो गेला.

आता खरेदी. गाडीचं मॉडेल सांगून टर्बो मागू नका, जुन्या टर्बोवरच्या पट्टीचा नंबर सांगा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला. त्याआधीचा आणि नंतरचा टर्बो वरून सारखा दिसू शकतो, बोल्टही जुळू शकतात, पण आतलं चाक आणि दाब सांभाळणारा अ‍ॅक्च्युएटर वेगळा असतो. मी या वेळी पहाटेच्या गाडीने नागपूरला गेलो, जुना टर्बो पिशवीत घालून. नंबर अक्षर-अक्षर जुळवला, पक्कं बिल घेतलं, बिलावर नंबर लिहून घेतला. रिकंडिशनचा पर्यायही वाईट नाही, पण नुसता कोअर, म्हणजे आतला दांडा आणि चाकं, बदलून चालत नाही. तो मशीनवर बॅलन्स केलेला हवा आणि बाहेरचं घर ओरखडे नसलेलं हवं. बॅलन्सचा कागद मागा. कागद नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा.

वॉरंटीचंही सांगतो. अकरा दिवसांचा टर्बो मी दुकानदाराकडे परत नेला. त्याने निळा दांडा पाहिला आणि भरपाई नाकारली. मला राग आला, पण तो बरोबर होता. ऑईल न मिळाल्याने गेलेल्या टर्बोला कुणीच वॉरंटी देत नाही.

बसवताना मी मिस्त्रींजवळ दिवसभर उभा राहिलो. त्यांनी आधी इंटरकूलर काढून उलटा केला. त्यातून जे ऑईल निघालं, ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. हेच ऑईल पहाडीवर इंजिनने ओढलं होतं. इंटरकूलर आणि सगळे होस धुऊन, वाळवून, पातीचा एखादा तुकडा आत नाही ना ते बघून मगच परत लावले. ऑईल पाईप नवा, बँजो बोल्ट नवा, तांब्याचे वायसर नवे, पॅकिंग नवी. ऑईलच्या जोडावर सिलिकॉनचा थेंबही नाही. टर्बोतून खाली ऑईल चेंबरकडे जाणारा परतीचा पाईपही त्यांनी साफ केला. त्यातून ऑईल फक्त उतारावर वाहतं. तो दबला किंवा चोंदला तर ऑईल वर तुंबतं आणि नव्या टर्बोच्या सीलमधूनही गळतं. मालकाला वाटतं सील खराब. नवं ऑईल, नवा ऑईल फिल्टर, नवा एअर फिल्टर हे तर ओघाने आलंच. अ‍ॅक्च्युएटरच्या दांडीच्या नटाला त्यांनी हातही लावला नाही. "जोर वाढवून देतो" म्हणून तो नट फिरवणारे भेटतील, त्यांना फिरवू देऊ नका. जास्त दाबाने इंजिनचीच वाट लागते.

यानंतरची गोष्ट फार थोडे लोक करतात. टर्बोच्या ऑईलच्या भोकात स्वच्छ ऑईल ओतून त्यांनी चाक बोटाने फिरवलं. मग डिझेल तोडून, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही अशी सोय करून, थांबून थांबून सेल्फ मारला, मीटरवरचा ऑईलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच इंजिन सुरू केलं आणि काही मिनिटं रेस न देता तसंच चालू ठेवलं. कोरड्या दांड्याला पहिल्याच सेकंदात रेस दिली तर नवा टर्बो गॅरेजच्या दारातच अर्धा संपतो.

सुरुवातीला थोडा पांढरा-निळा धूर आला, सायलेन्सरमधलं जुनं ऑईल जळत होतं. गोरेगावपर्यंत रिकामी गाडी नेऊन आणली तेव्हा धूर गेला होता. बॉनेट उघडून गळती पाहिली, होसच्या क्लिपा पुन्हा आवळल्या. दोन टर्बो, टोईंग, दोनदा मजुरी आणि हंगामातले बुडालेले दिवस धरले, तर पहिल्याच वेळी कंपनीचा टर्बो आणि नवा पाईप घेऊनही बरेच पैसे उरले असते.

आता भुशाची खेप झाली की फिल्टर उघडून बघतो. पहाडी चढून ढाब्यावर आलो की हमाल पोरगा उतरून दोऱ्या तपासतो, तोवर इंजिन चालूच ठेवतो. त्याची एक चक्कर पूर्ण व्हायला दोन मिनिटं लागतात, मग चावी फिरवतो.