अमेरिकेतला शेजार

अमेरिकेत नव्याने आलेल्या परदेशी माणसाला पहिले काही आठवडे तिथली माणसे फार आवडतात. रस्त्यावर नजरेला नजर भिडताच अनोळखी माणूस हसतो, दुकानातली मुलगी ‘कसे आहात?’ म्हणून विचारते, मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवले जाते. तक्रार सुरू होते ती तीन-चार महिन्यांनी. मग हीच माणसे वरवरची वाटू लागतात. गोड बोलतात पण घरी बोलावत नाहीत, ‘एकदा भेटू या’ म्हणतात पण दिवस ठरवत नाहीत. जपानी, जर्मन, भारतीय अशा अनेकांच्या तोंडी ही तक्रार येते. ती चुकीच्या वाचनातून आलेली असते आणि त्या चुकीची झळ परदेशी माणसालाच लागते. प्रस्तुत लेखिकेला ती लागली आहे.

कुर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत आला आणि १९३६ साली त्याने दोन्ही देशांतल्या माणसांची तुलना करणारा निबंध लिहिला. माणसाच्या मनाला थर असतात, असे त्याने मानले. अमेरिकन माणूस बाहेरचे बरेच थर कोणालाही खुले करतो, फक्त अगदी आतला गाभा राखून ठेवतो. जर्मन माणूस दाराशीच अडवतो, पण एकदा आत घेतले की फारसे काही लपवत नाही. मराठी माणसाला हे जुन्या वाड्यावरून चटकन समजेल. आपल्याकडे ओसरीवर चौकशी होते आणि माजघरात पाऊल पडले की पगारापासून पथ्यापर्यंत सगळे बोलले जाते. तिथे माजघरापर्यंत कोणीही सहज जाऊन बसतो, पण तेवढ्याने तो घरचा होत नाही. प्रवेश सोपा असतो, त्यातून हक्क निर्माण होत नाही.

‘हाऊ आर यू’ हा प्रश्न नसून नमस्कार आहे. ‘काय, जेवण झालं का?’ असे विचारणाऱ्या शेजाऱ्याला ताटात काय होते ते ऐकायचे नसते, तसेच हे. ‘कधीतरी भेटू या’ हेही आपल्या ‘या एकदा घरी’च्या जातीचे. त्यात खोटेपणा नाही, सदिच्छा आहे. वार, वेळ आणि पत्ता आला की ते आमंत्रण होते. ते आले तर मात्र वेळेवर पोहोचावे, सोबत काय आणू असे आधी विचारावे आणि बरोबर आणखी माणसे न्यायची असतील तर आधी कळवावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. न विचारता दुसऱ्याच्या आयुष्यात हात घालणे तिथे असभ्य मानले जाते. आपल्याकडे दोन दिवस दार उघडले नाही तर शेजारच्या काकू कडी वाजवतात आणि त्यांनी तसे केलेच पाहिजे असे आपण धरून चालतो. अमेरिकन शेजारी बंद दाराचा मान राखतो. त्याला मदत करायची नसते असे नाही. ती मागण्याचा अधिकार तो समोरच्याकडे ठेवतो. कोणीतरी विचारील म्हणून थांबलेला परदेशी आणि तो सांगेल म्हणून थांबलेला शेजारी, दोघेही आपापल्या परीने सभ्यपणा पाळत असतात.

प्रस्तुत लेखिका ओहायो राज्यातल्या एका लहान विद्यापीठाच्या गावात शिकायला होती. पहिल्याच हिवाळ्यात तिला ताप आणि उलट्या सुरू झाल्या. बाहेर गुडघाभर बर्फ, गाडी नाही, घरातले खाणे संपलेले. समोरच्या घरातली वयस्कर बाई दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली आणि तिने नेहमीप्रमाणे कसे काय म्हणून विचारले. लेखिकेने नेहमीप्रमाणेच ‘फाइन’ म्हटले. चेहरा पाहून तिला कळायला हवे होते, असे मनात धरून लेखिका रुसून खोलीत गेली. तिसऱ्या रात्री उभे राहवेना, तेव्हा तिने ९११ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक फिरवला. रुग्णवाहिकेतून रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात नेले, दोन बाटल्या सलाईन लावले, सकाळी घरी सोडले. पुढचे चार महिने बिले येत राहिली : रुग्णवाहिकेचे वेगळे, रुग्णालयाचे वेगळे, तपासणाऱ्या डॉक्टरचे वेगळे. विम्याने आपला वाटा उचलल्यावरही उरलेली रक्कम महिन्याच्या पाठ्यवेतनाहून जास्त होती. शेजारणीला हे समजले तेव्हा तिचे डोळे भरून आले. तिची गाडी तीनही दिवस दारात उभी होती, अर्जंट केअरचा, म्हणजे तातडीच्या पण जिवावर न बेतणाऱ्या दुखण्यांचा, दवाखाना दहा मिनिटांवर होता. आपल्याला एका शब्दाने का सांगितले नाही, हा तिचा प्रश्न होता, आणि त्यात दुखावलेपण होते. एवढी मदत मागण्याइतकेही आपल्याला जवळचे मानले नाही, असा तिने अर्थ घेतला होता.

म्हणून तिथे राहणाऱ्याने मागायला शिकावे. मागणे नेमके, लहान आणि नकार देता येईल असे असावे. ‘शनिवारी दुकानात जाणार असाल तर मला सोबत न्याल का?’ असे विचारले की बहुधा होकार येतो. नाही म्हटले तर त्याचा अर्थ त्या शनिवारी जमत नाही एवढाच, त्यात अपमान शोधू नये. आपल्या बोलण्यातही हाच सरळपणा आणावा लागतो. आपण ‘बघू’ म्हणतो तेव्हा मनात नकार असतो, ऐकणारा मात्र उत्तराची वाट पाहत राहतो. चहा विचारल्यावर पहिल्या ‘नको’ला तिथे नकोच समजतात, दुसऱ्यांदा आग्रह होत नाही. कित्येक भारतीय पाहुणे या एका सवयीपायी उपाशी परतले आहेत.

मोकळेपणाने मागितले तर काय घडते, याचे मोठे दाखले मराठी इतिहासातच आहेत. गोपाळराव जोशी यांनी पत्नी आनंदीबाई यांच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र मिशनरी रॉयल वाइल्डर यांना लिहिले आणि ते एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी ते वाचून आपण होऊन पत्र पाठवले. पत्रांपलीकडे ओळख नसताना १८८३ मध्ये आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या पदवीदानाला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी गावोगाव सभा घेऊन विधवांच्या शाळेसाठी उघडपणे साहाय्य मागितले. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने दहा वर्षे मदतीची हमी घेतली आणि त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच वर्षी रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक निघाले. त्यात कौतुक भरपूर आहे, पण काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी कठोरपणे बोट ठेवले आहे. आजच्या परदेशी माणसानेही हे ध्यानात ठेवावे. मोकळेपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. रंग, उच्चार आणि डोक्यावरचे वस्त्र पाहून वागणूक बदलणारी माणसे भेटतात. तो अनुभव आला तर ती आपल्या समजुतीची चूक मानून गिळू नये.

आजारपणाची तयारी पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात करावी. जवळचे अर्जंट केअर कोठे आहे, आपला विमा कोणत्या दवाखान्यांत चालतो, हे लिहून दारामागे लावावे. जीव धोक्यात असेल तर मात्र पैशांचा विचार न करता ९११ लाच फोन करावा. १९८६ च्या कायद्याने मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याशी करार असलेल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला पैशांअभावी रुग्ण परत पाठवता येत नाही. बिल मात्र नंतर येतेच. ते आल्यावर बाबवार तपशील मागावा आणि धर्मादाय सवलत आहे का ते विचारावे. ना-नफा रुग्णालयांना असे धोरण ठेवणे बंधनकारक आहे, पण ते बहुधा विचारल्यावरच कळते. मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी विमा घेताना आधीपासूनच्या मधुमेह-रक्तदाबाबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे. उपचारामागे ठरावीकच रक्कम देणारी स्वस्त पॉलिसी तिथल्या खर्चापुढे अपुरी पडते.

पैशांच्या बाबतीत हॉटेलातली टिपही बहुतेक परदेशी लोकांना खुपते. तिला बक्षिसी न समजता मजुरी समजावे. टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने थेट द्यायचा केंद्रीय किमान दर तासाला २.१३ डॉलर आहे आणि १९९१ पासून तो बदललेला नाही. काही राज्यांत तो जास्त आहे, तरी पंधरा ते वीस टक्के ही रूढी देशभर चालते.

काही नियमही आधीच ठाऊक असावेत. गाडी चालवताना मागे पोलिसांचे दिवे लुकलुकले तर बाजूला थांबून गाडीतच बसावे, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत आणि कागद काढण्याआधी तसे सांगावे. आपल्याकडे उतरून साहेबांशी बोलायला जाणे नम्रपणाचे वाटते, तिथे ते धोक्याचे समजले जाते. भारतात फोन लावताना चुकून ९११ लागला तर घाबरून ठेवू नये, चूक झाली असे सांगावे, नाहीतर पोलीस दारात येऊ शकतात. आणि पाहुण्याने किती दिवस राहायचे ते व्हिसाच्या मुदतीवर ठरत नाही. देशात प्रवेश करताना होणाऱ्या आय-९४ नोंदीत जी तारीख असते तीच खरी, म्हणून उतरल्यावर ती ऑनलाइन तपासावी.

सगळी काळजी घेतली तरी एक काळ जड जातो. नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड या अभ्यासकाने फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आलेल्या दोनशे नॉर्वेजियनांची पाहणी करून १९५५ मध्ये निष्कर्ष मांडले. सहा महिन्यांहून कमी आणि अठरा महिन्यांहून जास्त राहिलेले लोक बऱ्यापैकी रुळलेले होते. मधले रुळलेले नव्हते. मैत्री हवी तर त्या मधल्या काळात रोजच्या हसऱ्या ओळखींपेक्षा ठरावीक वारी भेटणारे काहीतरी धरावे : ग्रंथालयातले स्वयंसेवी काम, वाद्यवृंद, चर्चचे किंवा देवळाचे स्वयंपाकघर, क्रिकेटचा संघ. अमेरिकन माणसे एकत्र काम करता करता जवळ येतात. उपनगरातल्या घरात सहा महिने राहणाऱ्या आईवडिलांना याची सर्वांत जास्त गरज असते. मुले दिवसभर कामावर, अनेक ठिकाणी पदपथही नाही, आणि त्यांचे मौन मुलांना विश्रांती वाटते. त्यांच्यासाठी आठवड्यातले दोन दिवस तरी घराबाहेरचे ठरवून द्यावेत.

परतल्यावर उलट अडचण येते. पाण्याचा पेला हातात देणाऱ्या बहिणीला सवयीने ‘थँक्यू’ म्हटले जाते आणि ती चमकून पाहते. न कळवता दारात आलेल्या आत्याचा क्षणभर राग येतो. लेखिकेला यातून सावरायला जवळजवळ वर्ष लागले. ओहायोतली शेजारीण अजून दर नाताळला कार्ड पाठवते आणि शेवटी काही हवे असेल तर सांग, असे लिहिते. लेखिका आता सांगते.