भात्याचा कॅमेरा

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याचा किंवा लातूरच्या गंजगोलाईचा फोटो जवळून काढून बघा. वरचा भाग मावावा म्हणून मोबाईल वर कलवला, की इमारत मागे झुकल्यासारखी दिसते. मोठ्या प्लेटच्या, भात्याच्या जुन्या कॅमेऱ्यात यावर साधा उपाय आहे. मागची काच उभीच ठेवायची नि पुढची लेन्स तेवढी वर सरकवायची; भिंती सरळ राहतात! ड्रॉइंगमधला पर्स्पेक्टिव्ह मला खरा समजला तो इथे.

या कॅमेऱ्याला आयुष्य वाहिलेला एक इंजिनिअर आपल्या निजाम राज्यातच होऊन गेला. राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) रुरकीला शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात लागले. पुढे कॅमेऱ्यापायी सरकारी नोकरी सोडली आणि सहाव्या निजामाचे छायाचित्रकार झाले. डोक्यावर काळं कापड घ्यायचं, काचेवरचं उलटं चित्र जुळवायचं, मगच प्लेट चढवायची.

८×१० इंची प्लेट ३५ मि.मी. फिल्मच्या फ्रेमपेक्षा सुमारे ६० पट मोठी, म्हणून बारकावे भरपूर. पण हौशी लोक आजही हा अवजड कॅमेरा जपतात, ते एवढ्यासाठीच नसावं. फोटोआधी काय सरळ ठेवायचं नि काय सोडायचं, हे इथे आपणच ठरवायचं असतं. इंजिनिअरला तरी दुसरं काय शिकायचंय?