जर्मनीचा व्हिसा आणि वडनेरचा सातबारा

परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचा ओढा अलीकडे जर्मनीकडे वाढला आहे. 2022-23 मध्ये तिथे सुमारे 43 हजार भारतीय विद्यार्थी होते आणि त्याच वर्षी त्यांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकले. पुढच्या वर्षी हा आकडा 49 हजारांवर गेला. याच काळात बाकीची दारे अरुंद झाली. कॅनडाने जानेवारी 2024 मध्ये स्टडी परमिटवर मर्यादा घातली, ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाचे शुल्क 710 ऑस्ट्रेलियन डॉलरवरून आधी 1,600 आणि मग 2,000 डॉलरवर नेले, तर अमेरिकेने सप्टेंबर 2025 मध्ये नोकरीसाठीच्या नव्या एच-1बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, सत्रापोटी काही शे युरो भरले की झाले. बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य मात्र 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 1,500 युरो घेते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला तो नेमका याच राज्याशी. त्यामुळे पालकांच्या बोलण्यात दोन गोष्टींची गल्लत होते. तो करार परिचारिका, इलेक्ट्रिशियन अशा कामगारांसाठी आहे. विद्यापीठातल्या प्रवेशाशी त्याचा काही संबंध नाही.

फी नाही म्हणजे खर्च नाही, असे मात्र नाही. व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे 11,904 युरो 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये आधी ठेवावे लागतात. तिथे पोचल्यावर त्यातून महिन्याला 992 युरो मिळतात. युरो शंभर रुपयांचा धरला तरी ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरसारख्या कापूस-सोयाबीनच्या गावात घराची खरी पुंजी असते शेत, आणि इथेच घोडे अडते. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते. सातबारा पुढे केला की बहुतेक बँका मान हलवतात. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना 2002 च्या सरफेसी कायद्याने दिला, पण त्यातून शेतजमीन वगळली आहे. म्हणून दहा एकर ओलिताच्या मालकापेक्षा हिंगणघाटात एखादा अकृषक प्लॉट असलेल्याचे कर्ज लवकर मंजूर होते. ही चौकशी प्रवेशपत्र हाती आल्यावर नव्हे, वर्षभर आधी करायची असते.

कागदांमधली दुसरी अडचण दिसायला क्षुल्लक आहे. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, असे एका ओळीत छापलेले असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते आणि वडिलांचे नाव कधी येते, कधी गळते. त्यात गावाचे स्पेलिंग जन्मदाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरे. शिवाय महाराष्ट्रात वडनेर नावाची गावे कितीतरी. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून सक्तीच्या झालेल्या एपीएस तपासणीत सगळी शैक्षणिक कागदपत्रे पारखली जातात. तिचे शुल्क 18,000 रुपये आहे. नावातला फरक दुरुस्त करायचा तर तो दहावीच्या निकालानंतर लगेच करावा. पदवीपर्यंत तीच चूक चार कागदांवर उतरलेली असते.

बारावीनंतर थेट जर्मन विद्यापीठात जाता येते, हा समज सरसकट खरा नाही. जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण झालेल्यांना ती वाट काही विषयांपुरती खुली आहे. बाकीच्यांना साधारणपणे इथल्या मान्यताप्राप्त महाविद्यालयात त्याच शाखेचे एक वर्ष पूर्ण करावे लागते, नाहीतर तिथे 'स्टुडिएनकोलेग' नावाचे पूर्वतयारीचे वर्ष काढावे लागते. पदवी घेऊन एमएसला जाणे तुलनेने सरळ. त्यानंतर नोकरी शोधायला दीड वर्षाची मुदत मिळते. शिकताना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते, मात्र या कमाईवर ब्लॉक्ड अकाउंटचा हिशेब मांडू नये.

सेवाग्राम किंवा सावंगीत नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसाठी वाट वेगळी आहे आणि खडतरही. त्यांना विद्यापीठ नको, पण त्यांच्या पदवीला तिथे मान्यता हवी आणि जर्मन भाषा साधारण बी-2 पातळीची हवी. शून्यापासून तिथवर यायला नेटाने शिकूनही वर्ष-दीड वर्ष जाते. एमएसचे अनेक वर्ग इंग्रजीत चालतात. रुग्णाची तक्रार मात्र जर्मनमध्येच येते. भाषेची परीक्षा देण्यासाठी पुणे-मुंबईच्या माक्स म्युलर भवनापर्यंत प्रवास करावा लागू शकतो, तोही खर्चात धरावा.

एजंटांबाबत एक भेद ठाऊक असावा. परदेशात नोकरीला पाठवणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. तो आहे की नाही, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर पाहता येते. त्याने घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादाही 30 हजार रुपये अधिक जीएसटी अशी ठरलेली आहे. विद्यापीठात प्रवेश मिळवून देणारा सल्लागार या कायद्यात येत नाही. त्यामुळे 'व्हिसाची गॅरंटी' असे म्हणत पैसे मागणाऱ्याला विचारण्यासारखा प्रश्न एकच उरतो: ही गॅरंटी स्टॅम्प पेपरवर मिळेल का?

व्हिसा नाकारला गेला तर पूर्वी दूतावासाकडे विनाशुल्क फेरविचार मागता येत असे. 1 जुलै 2025 पासून ती सोय बंद झाली. आता 75 युरो भरून नवा अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचे.